शहराची कामे ऋतू पाहून ठरवा

प्रति,
मा. महापौर, मा. आयुक्त आणि सर्व सन्माननीय नगरसेवक,
महाराष्ट्रातील २९ महानगरपालिका.

विषय : महानगरपालिकांच्या कामांचे वेळापत्रक ऋतुमानाप्रमाणे आखण्याबाबत.

महोदय,

सप्रेम नमस्कार.

१५ जानेवारी २०२६ रोजी राज्यातील २९ महानगरपालिकांसाठी मतदान झाले. मुंबई, पुणे, नागपूर, ठाणे, नाशिक अशा मोठ्या शहरांचा कारभार २०२२ पासून प्रशासकांकडे होता, त्यामुळे प्रभागातले गाऱ्हाणे न्यायचे कोणाकडे, हा प्रश्न तिथल्या नागरिकांना जवळपास चार वर्षे पडलेला होता. आता सभागृहे पुन्हा भरली आहेत, तेव्हा हे पत्र कोणा एका शहराला न लिहिता आपणा सर्वांना लिहीत आहे, कारण ज्या गोष्टीबद्दल मला बोलायचे आहे ती थोड्याफार फरकाने सगळीकडे सारखीच आहे.

प्रचाराच्या काळात रस्ते, पाणी, कचरा, वाहतूक यांवर पुष्कळ बोलणे झाले. काय करणार हे सर्वांनी सांगितले. ते वर्षातल्या कोणत्या महिन्यात करणार, हे मात्र कोणी सांगितल्याचे माझ्या ऐकिवात नाही. शहरातल्या माणसांना रोज जी गैरसोय सोसावी लागते, तिच्यातली बरीचशी काम भलत्या वेळी निघाल्यामुळे सोसावी लागते, असे माझे अनेक वर्षांच्या पाहण्यातून झालेले मत आहे. म्हणून माझी विनंती एकच आहे. रस्तेखोदाई, नालेसफाई, झाडांची छाटणी, पाण्याचे नियोजन, डासांचा बंदोबस्त ही सगळी कामे कोणत्या महिन्यात सुरू व्हावीत आणि कोणत्या महिन्यात संपावीत, हे आर्थिक वर्षाकडे पाहून न ठरवता उन्हाळा, पावसाळा आणि हिवाळा यांच्याकडे पाहून ठरवावे.

सध्या काय होते ते आपल्याला माझ्यापेक्षा अधिक ठाऊक आहे, तरी वाचकांसाठी मांडतो. अंदाजपत्रक फेब्रुवारी-मार्चमध्ये मंजूर होते आणि तरतूद एप्रिलमध्ये हाती येते. त्यानंतर पूर्वगणनपत्रक म्हणजे खर्चाचा अंदाज, तांत्रिक मान्यता, निविदा, फेरनिविदा, स्थायी समितीची मंजुरी आणि शेवटी कार्यादेश, अशी वाट चालता चालता पावसाळा लागतो. पावसाळ्यात खोदाईला बंदी असते. ती उठल्यावर दसरा-दिवाळी येते. कामाला खरा वेग येतो तो जानेवारीनंतर, कारण ३१ मार्चच्या आत निधी खर्ची पडला नाही तर तो वाया जाणार, ही भीती तेव्हा सर्वांनाच लागलेली असते. मग एकाच वेळी पाण्याची वाहिनी, मैलापाण्याची वाहिनी, गॅसची नळी, वीज आणि इंटरनेटच्या केबली यांच्यासाठी रस्ते उकरले जातात. मार्चमध्ये उकरलेला रस्ता मे संपत आला तरी पूर्ववत होत नाही. चर मुरमाने कसाबसा भरला जातो, त्यावर डांबराचा पातळ थर पडतो आणि पहिल्याच मोठ्या सरीत तो मुरूम खाली बसून चराच्या जागी लांबच लांब घळ तयार होते. दुचाकीचे पुढचे चाक तिच्यात अडकून पडलेली माणसे आपल्यापैकी प्रत्येकाने पाहिली असतील.

कार्तिकापासून माघापर्यंतचा काळ खोदाईसाठी आपल्याकडे सर्वांत सोयीचा असतो. पाऊस नसतो, ऊन मजुरांना सोसण्याजोगे असते आणि भरलेला चर नीट बसून त्यावर पक्के डांबरीकरण करायला पुढे दोन-तीन कोरडे महिने हाताशी असतात. नेमक्या त्याच काळात फायली टेबलांवरून फिरत असतात.

एप्रिल ते मार्च हे आर्थिक वर्ष आपल्या हवामानातून आलेले नाही. ब्रिटिश सरकारने ब्रिटनमधल्या हिशेबाशी मेळ बसावा म्हणून १८६७ मध्ये ते इथे लागू केले. स्वातंत्र्यानंतरही त्याचा पुनर्विचार झाला. एल. के. झा समितीने १९८५ मध्ये, नैर्ऋत्य मोसमी पावसाचा विचार करून, आर्थिक वर्ष जानेवारी ते डिसेंबर असावे अशी शिफारस केली होती, पण केंद्र सरकारने ती स्वीकारली नाही. आर्थिक वर्ष बदलणे आपल्या अधिकारात नाही, हे मी जाणतो आणि तशी मागणीही करत नाही. त्या वर्षाच्या पोटात कामे कधी घ्यायची, हे मात्र पूर्णपणे आपल्या हातात आहे.

आता नालेसफाईबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण वेळ चुकली की खर्च झालेला पैसाही कसा वाहून जातो, हे तिथे सर्वांत स्पष्ट दिसते. आमच्या गल्लीच्या तोंडाशी पावसाळी गटाराचे एक चेंबर आहे. मे महिन्याच्या शेवटी दोन-तीन कामगार येतात, पहारीने झाकण उचलतात आणि फावड्या-घमेल्याने गाळ उपसून चेंबरच्या कडेलाच त्याचा ढीग घालतात. बहुतेकांच्या हातांत मोजे नसतात, पायांत साध्या चपला असतात. त्या ढिगात प्लॅस्टिकच्या पिशव्या, करवंट्या, थर्माकोलचे तुकडे, सिमेंटचा चुरा आणि काळी चिकट माती असते. ओला गाळ लगेच गाडीत भरता येत नाही, तो निथळू द्यावा लागतो, हे मान्य आहे. पण तो निथळण्याच्या आत दुपारी चारच्या सुमारास आभाळ भरून येते, वळीव अर्धा तास झोडपून काढतो आणि ढीग घसरत घसरत त्याच चेंबरमध्ये परत जातो. कागदावर ते चेंबर साफ झालेले असते. जूनमध्ये गल्लीत गुडघाभर पाणी साचते तेव्हा तळमजल्यावरची माणसे बादल्या घेऊन दारात उभी असतात, आणि गाळ काढणाऱ्या कामगारांनी कामचुकारपणा केला असे सर्वांना वाटते. वास्तविक ते भर उन्हात राबलेले असतात. चूक असते ती त्यांना मेच्या शेवटी पाठवण्यात.

राज्यात नालेसफाईसाठी साधारणपणे ३१ मे ही मुदत धरली जाते. जून उजाडल्यावर मृगाचा पाऊस येणार, या हिशेबावर ही तारीख बेतलेली आहे. २०२५ मध्ये मान्सून २४ मे रोजी केरळात आणि २६ मे रोजी मुंबई-पुण्यात दाखल झाला. मुंबईसाठी ही हवामान विभागाच्या नोंदींमधली सर्वांत लवकरची तारीख ठरली. कुलाबा वेधशाळेत त्या मे महिन्यात पडलेल्या पावसाने १९१८ चा विक्रम मोडला, आणि वरळीच्या आचार्य अत्रे चौक या नव्या भुयारी मेट्रो स्थानकात पाणी शिरले. असे वर्ष दरवेळी येणार नाही, हे खरे आहे. पण मान्सून वेळेवर आला तरी वळीव मे महिन्यात येतोच, आणि गटारांना पाऊस मान्सूनपूर्व आहे की मोसमी याने काही फरक पडत नाही. म्हणून गाळ काढण्याची मुदत ३० एप्रिल असावी आणि काढलेला गाळ जागेवरून हलल्याखेरीज ते काम झाले असे धरू नये. उन्हाळ्याचे वाळवण घरोघरी वळवाच्या आत आवरून डब्यांत भरले जाते, तेवढी काळजी शहराच्या गटारांची घेणे अवघड नसावे. मुंबईत हे काम पावसाळ्याआधी, पावसाळ्यात आणि पावसाळ्यानंतर अशा टप्प्यांत विभागलेले असते, ही पद्धत चांगली आहे. ज्या शहरांत गटारांकडे वर्षातून एकदाच पाहिले जाते तिथे ती उचलावी.

मे महिन्याला आपण अजूनही पूर्वतयारीचा महिना समजतो, पण धोका तिथूनच सुरू होतो. १३ मे २०२४ रोजी संध्याकाळी धुळीचे वादळ उठले आणि घाटकोपरमध्ये पेट्रोल पंपावर महाकाय जाहिरात फलक कोसळून १७ माणसे गेली. फलक, जुनी झाडे, धोकादायक भिंती आणि मोडकळीला आलेल्या इमारती यांची तपासणी मार्चमध्ये व्हायला हवी. नोटिसा मेमध्ये निघाल्या तर भाडेकरूंनी आणि मालकांनी पावसाच्या तोंडावर जायचे तरी कुठे?

झाडांचेही असेच आहे. गुलमोहर आणि विलायती शिरीष यांच्या फांद्या वळवाच्या वाऱ्यात मोडतात, तेव्हा छाटणी आवश्यक आहे, याबद्दल वाद नाही. पण ती एप्रिल-मेमध्ये केली की ज्या दिवसांत सावलीची सर्वांत अधिक गरज असते त्याच दिवसांत रस्ता उघडा पडतो. वाळलेल्या आणि धोकादायक फांद्या डिसेंबर-जानेवारीत जाणकाराच्या देखरेखीखाली उतरवल्या, तर झाडाला पालवी फुटायला वेळ मिळेल आणि चैत्रापर्यंत सावली पुन्हा धरेल. वृक्षलागवड ५ जूनला, पर्यावरण दिनाच्या निमित्ताने, गाजावाजाने होते. त्या दिवशी मराठवाड्यात आणि विदर्भात पावसाचा पत्ता नसतो, त्यामुळे रोप लावणीनंतरचे पहिले दोन आठवडे उन्हातच काढते. लागवड आर्द्रा नक्षत्र लागल्यावर, म्हणजे २२ जूननंतर करावी. आणि लावलेल्या रोपाला पुढच्या तीन उन्हाळ्यांत पाणी घालण्याची तरतूद त्याच ठरावात असावी. राज्यात झाडांच्या जतनाचा कायदा १९७५ पासून आहे. तोडीला परवानगी देणे-नाकारणे यापलीकडे जाऊन वृक्ष प्राधिकरणांनी झाडाच्या बुंध्याला गच्च आवळणारे काँक्रीट आणि पेव्हर ब्लॉक काढून मुळांपाशी पाणी मुरेल एवढी जागा मोकळी करण्याचे काम हाती घ्यावे. तेही पावसाळ्याआधी, म्हणजे मिळेल तेवढे पाणी जमिनीत जाईल.

पावसाचे मोजमाप हा मुद्दा मी महत्त्वाचा मानतो. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला, त्याच वेळी कुलाब्यात सुमारे ७३ मिलिमीटरच पडला होता. एकाच शहराच्या दोन टोकांत इतका फरक असेल, तर एका वेधशाळेच्या आकड्यावर विसंबून कोणत्या वस्तीला सावध करायचे हे कळणारच नाही. मुंबई महापालिकेने त्या प्रलयानंतर अग्निशमन केंद्रांवर स्वयंचलित हवामान केंद्रे बसवली, हे योग्यच केले. परंतु ही गरज एकट्या मुंबईची नाही. पुण्यात २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री कात्रजच्या बाजूला कोसळलेल्या पावसाने आंबिल ओढ्याला पूर आला, ओढ्याकाठच्या वस्त्यांतून गाड्या वाहून गेल्या, भिंती पडल्या आणि शहर-परिसरात वीसहून अधिक लोकांचे प्राण गेले. नागपुरात २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे काही तासांत शंभर मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला, अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीकाठच्या वसाहतींत माणसे झोपेत असताना पाणी शिरले. पुण्यात २५ जुलै २०२४ रोजी मुसळधार पावसात खडकवासला धरणातून सोडलेल्या विसर्गाने सिंहगड रस्त्यावरील एकतानगरीत पहाटे पाणी भरले, आणि त्याच दिवशी डेक्कनजवळच्या पुलाची वाडीत विजेच्या धक्क्याने तिघे गेले.

या घटनांतील दोन सप्टेंबरच्या उत्तरार्धातल्या आहेत, याकडे मी मुद्दाम लक्ष वेधतो. गणपती गेले, गौरी गेल्या की पाऊस संपला असे आपण मनाशी धरतो आणि आपत्कालीन कक्षही सैलावतात. हवामान विभागाने २०२० मध्ये मान्सूनच्या आगमनाच्या आणि परतीच्या सर्वसाधारण तारखा सुधारल्या, तेव्हा वायव्य भारतातून परतीचा प्रवास सुरू होण्याची तारीख १ सप्टेंबरवरून १७ सप्टेंबरवर गेली. महाराष्ट्रातून मान्सून जाईपर्यंत ऑक्टोबर उजाडतो, आणि जाता जाता हस्त-चित्राचा गडगडाटी पाऊस जुलैच्या संततधारेपेक्षा कमी वेळात अधिक पाणी ओतून जातो. १७ ऑक्टोबर २०२२ च्या रात्री पुण्याचे मध्यवर्ती रस्ते ओढ्यांसारखे वाहिले, ते अनेकांना आठवत असेल. तरीही पावसाळी पंप, बचाव पथके आणि खोदाईबंदी यांची मुदत ३० सप्टेंबरला संपते. ती दिवाळीपर्यंत वाढवावी.

प्रत्येक प्रभागात एक स्वयंचलित पर्जन्यमापक आणि प्रत्येक ओढ्यावर पाण्याची पातळी दाखवणारी एक खूण, एवढे जरी झाले तरी ओढ्याच्या उगमाकडे पडलेला पाऊस खालच्या वस्तीला अर्धा-पाऊण तास आधी कळू शकेल. हवामान विभागाचे मोठे कार्यालय १९२८ पासून पुण्यात आहे, उष्णदेशीय हवामानशास्त्राची राष्ट्रीय संस्थाही तिथे पाषाणला आहे. देशाच्या मान्सूनचा अभ्यास ज्या राज्यात होतो, त्या राज्यातल्या महापालिकांनी त्या जाणकारांना वर्षातून दोनदा सभागृहात बोलावून ऐकावे, असे मला फार वाटते.

उन्हाळ्याबद्दल आपण पावसाइतके गंभीर नाही. पाणी साचले की त्याचे छायाचित्र निघते. उन्हाने चक्कर येऊन पडलेला हातगाडीवाला सावलीत बसवला जातो, कोणीतरी त्याला पाणी पाजते आणि पुढे त्याची नोंद कुठेच होत नाही. मैदानी भागात कमाल तापमान ४० अंशांवर आणि किनारपट्टीवर ३७ अंशांवर गेले, आणि ते सरासरीपेक्षा निदान साडेचार अंशांनी अधिक असले, की हवामान विभाग उष्णतेची लाट मानतो. किनाऱ्यावरची मर्यादा खाली आहे, कारण दमट हवेत घाम वाळत नाही आणि शरीर निवत नाही. १६ एप्रिल २०२३ रोजी खारघरच्या मोकळ्या मैदानावर भर दुपारच्या कार्यक्रमात उष्माघाताने १४ जण दगावले, तेव्हा तिथला पारा विदर्भाच्या मानाने काही फार चढलेला नव्हता. त्यामुळे मुंबई, ठाणे, नवी मुंबई, वसई-विरार यांनी उष्मा हा नागपूर-चंद्रपूरचा प्रश्न आहे असे समजू नये.

अहमदाबादमध्ये मे २०१० च्या लाटेत मोठी जीवितहानी झाली, आणि त्या शहराने २०१३ मध्ये उष्णता कृती आराखडा तयार केला. तापमानाच्या पूर्वअंदाजावरून रंगांचे इशारे, रुग्णालयांची तयारी, पाणपोया, उन्हात काम करणाऱ्यांसाठी सूचना, असे त्याचे साधे स्वरूप आहे. आपल्याकडे नागपूरनेही असा आराखडा केला आहे. आराखडा कपाटात राहू नये यासाठी मी फक्त तीन गोष्टी मागतो, कारण त्या उद्यापासून करता येतील. पहिली म्हणजे बागा दुपारी उघड्या ठेवा. अनेक शहरांत सार्वजनिक उद्याने सकाळी अकराच्या सुमारास बंद होतात आणि चार-साडेचारला उघडतात. नवतपाच्या, म्हणजे मेअखेरच्या कडक उन्हाच्या दिवसांत कामगार, डिलिव्हरीची मुले, पथारीवाले, गावाहून दवाखान्याच्या कामासाठी आलेली माणसे यांना टेकायला वडा-पिंपळाखालची ती सावली हवी असते आणि फाटकाला कुलूप असते. सुरक्षारक्षकाची एक पाळी वाढवावी लागेल, तेवढा खर्च शहरांना परवडणारा आहे. दुसरी म्हणजे बसथांबे. पोलादी पत्र्याचा थांबा दुपारी इतका तापतो की बाकावर हात ठेववत नाही. एकदा मे महिन्यात मी पाहिले की थांबा रिकामा होता आणि प्रवासी त्याच्या मागे, विजेच्या खांबाच्या वीतभर सावलीत एकामागे एक ओळ करून उभे होते. एक आजी त्या ओळीत सर्वांत पुढे होत्या, कारण खांबाची सावली मुळाशी जरा रुंद होती. थांब्याच्या मागे एक झाड लावणे आणि छपराला उष्णतारोधक थर देणे एवढेच करायचे आहे. तिसरी गोष्ट सफाई कामगारांच्या आणि कंत्राटी मजुरांच्या वेळेची. एप्रिल-मेमध्ये दुपारी बारा ते चार उन्हातले काम थांबवण्याची अट प्रत्येक निविदेत असावी, आणि ती पाळली जाते की नाही हे पाहणारा अधिकारी नेमलेला असावा.

पाण्याविषयी थोडक्यात. एप्रिल २०१६ मध्ये लातूर शहरासाठी मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावे लागले, आणि त्याच वर्षीच्या परतीच्या पावसात मराठवाड्यात अतिवृष्टी झाली. एकाच वर्षात दोन्ही टोके पाहिलेल्या राज्यात पाणीकपातीचा निर्णय धरणाचा तळ दिसल्यावर घेणे योग्य नाही. ऑक्टोबरमध्ये धरणातला साठा नक्की होतो. त्याच वेळी पुढच्या १५ जुलैपर्यंतचे नियोजन जाहीर करावे. पुणेकर गुरुवारी पाणी नाही हे धरून घरातली कामे लावतात, कारण त्यांना वार ठाऊक असतो. ठरलेल्या दिवशी पाणी नसणे माणसे सोसतात. अवेळी नळाला पाणी न येणे मात्र ज्या घरात पाणी भरण्यासाठी थांबायला कोणी नाही, तिथे एका दिवसाची मजुरी बुडवते.

डेंग्यूचा डास स्वच्छ साचलेल्या पाण्यात अंडी घालतो आणि ती अंडी कोरड्या भांड्याला चिकटून काही महिने टिकतात. पहिला पाऊस पडला की ती फुटतात. म्हणजे टायर, कुंड्या, गच्चीवरच्या उघड्या टाक्या यांची तपासणी मे महिन्यात व्हायला हवी. रुग्ण वाढल्यावर सप्टेंबरात होणारी धूरफवारणी लोकांना दिसते, पण तोपर्यंत उशीर झालेला असतो. हिवाळ्यात हवा खाली बसते आणि धूळ व धूर शहरावर रेंगाळतो. मुंबई महापालिकेने ऑक्टोबर २०२३ मध्ये बांधकामांसाठी नियमावली काढली, पत्र्याचे उंच कुंपण, पाण्याची फवारणी, राडारोडा झाकून नेणे या अटी घातल्या. त्या सर्वच शहरांत हव्यात आणि तपासणी नवरात्रातच सुरू व्हावी. रात्र निवाऱ्यांचेही तेच. एक लाख लोकवस्तीमागे शंभर जणांचा एक निवारा असावा, असा दंडक आहे. तो पाळला जातो का, हे थंडी पडण्याआधी नगरसेवकांनी स्वतः जाऊन पाहावे.

हे सारे अशक्य आहे असे कोणी म्हणू नये, कारण तारीख ठरलेली असली की महापालिका काय करू शकते हे आपण दरवर्षी पाहतो. ज्ञानोबा-तुकोबांच्या पालख्या यायच्या आत मार्गावरचे खड्डे बुजतात, पाण्याचे टँकर उभे राहतात, फिरती शौचालये येतात. विसर्जनाच्या आदल्या दिवसापर्यंत घाट स्वच्छ होतात, लोंबणाऱ्या तारा आणि फांद्या बाजूला होतात. या कामांत आपले कर्मचारी रात्ररात्र जागतात आणि त्याबद्दल मला मनापासून आदर आहे. तिथी पुढे ढकलता येत नाही, म्हणून सगळे विभाग एकत्र बसतात. पावसाच्या आणि उन्हाच्या तारखा काही दिवसांनी पुढेमागे होतात, पण त्याही पुढे ढकलता येत नाहीत.

त्यासाठी प्रशासनात थोडी फेररचना करावी लागेल. रस्ते आणि वाहिन्यांच्या निविदा आषाढ-श्रावणात, म्हणजे खोदाई बंद असतानाच, पूर्ण कराव्यात, जेणेकरून पाऊस संपताच कार्यादेश हातात असतील. दरवर्षी करावी लागणाऱ्या कामांसाठी दोन किंवा तीन वर्षांचे दरकरार, म्हणजे आधीच दर ठरवलेले करार, असावेत, म्हणजे ३१ मार्चला काम अर्धवट तुटणार नाही. फेब्रुवारीनंतर नवीन खोदाईला परवानगी देऊ नये. फुटलेली वाहिनी दुरुस्त करणे एवढाच अपवाद असावा, आणि मार्च-एप्रिल हे दोन महिने केवळ पुनर्डांबरीकरणासाठी राखावेत. वीज, गॅस आणि दूरसंचार कंपन्यांकडून त्यांची वर्षभराची मागणी ऑगस्टमध्येच घेतली, तर एक रस्ता एकदाच उकरता येईल.

आणि नागरिकांना हे सर्व आधी कळले पाहिजे. प्रत्येक प्रभागाने फेब्रुवारीअखेर, एप्रिलअखेर आणि सप्टेंबरअखेर असे वर्षातून तीनदा एक छापील पत्रक काढावे. कोणता रस्ता कधी उकरणार आणि कधी बुजवणार, कोणती गटारे साफ झाली, पाणी कोणत्या वारी नसेल, दुपारची सावली आणि पिण्याचे पाणी कुठे मिळेल, पूर आल्यास कोणत्या शाळेत जायचे आणि तिची किल्ली कोणाकडे असते, एवढेच त्यात असावे. ते विभागीय कार्यालयात, रेशन दुकानात, दवाखान्यात आणि सोसायट्यांच्या फलकावर लागावे, आणि मागच्या पत्रकातले काय झाले, काय राहिले, याचे वाचन प्रभाग समितीच्या बैठकीत लोकांसमोर व्हावे. ७४ व्या घटनादुरुस्तीने मोठ्या शहरांत प्रभाग समित्या याचसाठी दिल्या आहेत.

यंदाच्या पावसाळ्यासाठी बराच उशीर झाला आहे, त्यामुळे या वर्षी दोनच गोष्टी कराव्यात. काढलेला गाळ अठ्ठेचाळीस तासांच्या आत उचलण्याचा आदेश आजच द्यावा, आणि पुढील हंगामाच्या निविदांचे वेळापत्रक श्रावणातल्या सर्वसाधारण सभेत मंजुरीसाठी ठेवावे. आपल्या सभागृहात तो विषय कोणत्या दिवशी येणार आहे, हे कृपया जाहीर करावे. त्या दिवशी प्रेक्षक कक्षात बसून चर्चा ऐकण्याची माझी आणि माझ्या शेजाऱ्यांची इच्छा आहे.

कळावे, लोभ असावा.

आपला,
एक करदाता नागरिक